इंग्रज कन्येचें परदेशी नांव

आपल्याकडे बाराव्या दिवशीं बारसें होतें, आत्या पाळण्यावर ओणवी होऊन बाळाच्या कानांत नांव सांगते आणि पाठीवर चार धपके खाऊन मोकळी होते. इंग्लंड व वेल्समध्यें कायद्यानें आईबापांस ४२ दिवसांची मुदत दिलेली आहे. तेवढ्या अवधींत जन्मनोंदणीच्या कचेरींत जाऊन मुलाचा जन्म नोंदवावा लागतो, आणि बहुतेक आईबाप त्याच खेपेस नांवहि लिहवून घेतात. हे ४२ दिवस दिसावयास पुष्कळ असले, तरी ज्या घरांत जन्मनक्षत्राचें अक्षर नाहीं, कुलदैवताचा आग्रह नाहीं आणि आजीचें नांव नातीस देण्याचा दंडकहि उरलेला नाहीं, त्या घरांत साऱ्या जगाच्या भाषांतून एक शब्द उचलण्याचें काम वाटतें तितकें हलकें नसतें.

त्यांतून इंग्रजांच्या कायद्यानें या बाबतींत हात अगदीं मोकळे सोडलेले आहेत. फ्रान्समध्यें १८०३ च्या कायद्यानें पंचांगांतील संतांचीं आणि प्राचीन इतिहासांतील व्यक्तींचीं नांवें एवढींच ठेवण्याची मुभा होती, व तें बंधन पुरतें सुटण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. आइसलंडांत नांवांस मान्यता देणारी समिति आहे. इंग्लंडांत मान्य नांवांची यादी अशी नाहींच. २०१६ सालीं वेल्समधील एका मातेनें आपल्या तान्ह्या मुलीस ‘सायनाइड’ हें नांव देण्याचा हट्ट धरला, तेव्हां अपील न्यायालयास मध्यें पडून तो मोडावा लागला; परंतु असल्या विषाची गोष्ट निराळी. एरवीं रशियन, इटालियन, जपानी, अरबी, संस्कृत, वाटेल त्या भाषेंतील नांव इंग्रज बाप आपल्या मुलीस देऊं शकतो आणि निबंधक तें निमूटपणें लिहून घेतो. मुलग्यांच्या बाबतींत इंग्रज मनुष्य त्या मानानें जपून वागत आला आहे. त्याची हौस फिटते ती मुलींच्या नांवांवर.

नातीचें नांव सास्किया किंवा अनुष्का ठेवावयाचें घाटत आहे असें कळल्यावर इंग्रज आजी बहुधा एकच प्रश्न विचारते: आपलीं चांगलीं इंग्रजी नांवें संपलीं कीं काय? आजीबाईंच्या मनांत त्या वेळीं मेरी, एलिझाबेथ, मार्गारेट, कॅथरिन, अ‍ॅलिस, जेन हीं नांवें असतात. यांपैकीं मेरी व एलिझाबेथ मूळचीं हिब्रू. मार्गारेट हें ग्रीक भाषेंतील मोत्याचें नांव. कॅथरिन ग्रीक जगांतूनच आलेलें, आणि अ‍ॅलिस व जेन हीं फ्रान्सच्या वाटेनें आलेलीं. अस्सल इंग्रज मातींत उगवून आजवर टिकलेलीं स्त्रियांचीं नांवें शोधूं गेल्यास ईडिथ, हिल्डा, मिल्ड्रेड, ऑड्री अशीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच सांपडतात. बाकीचीं सारीं केव्हां ना केव्हां परक्या मुलुखांतून येऊन इंग्लंडांत स्थायिक झालेलीं आहेत. तेव्हां आजीच्या प्रश्नाचें खरें रूप, नांव परकें आहे काय, हें नसून, तें केव्हां आलें, हें आहे.

या उलाढालीची बोलकी साक्ष दोन राण्यांच्या नांवांत पाहावयास मिळते. १००२ सालीं इंग्लंडचा राजा एथेलरेड यानें नॉर्मंडीच्या सत्ताधीश घराण्यांतील एमा हिच्याशीं लग्न केलें. एमा हें नांव दरबारास परकें वाटलें, म्हणून राजपत्रांत तिला ‘एल्फगिफू’ असें अस्सल इंग्रज नांव देण्यांत आलें. पुढें १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि वारें फिरलें. ११०० सालीं नॉर्मन राजा पहिला हेन्री यानें स्कॉटलंडची राजकन्या ईडिथ हिचें पाणिग्रहण केलें. ती आईकडून जुन्या इंग्रज राजवंशांतली. परंतु ईडिथ हें इंग्रज नांव आतां दरबाराच्या पचनीं पडेना, आणि राणी झाली ती ‘माटिल्डा’ या नांवानें. एवढ्यानेंहि कांहीं सरदारांचें समाधान झालें नाहीं. राजाराणीची टवाळी करावयाची म्हणून ते त्यांस ‘गॉड्रिक आणि गॉडिवा’ या ठेवणींतल्या इंग्रज नांवांनीं संबोधीत, असें त्या शतकांतला बखरकार माम्सबरीचा विल्यम लिहून गेला आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं ज्या देशांत परकें नांव सोडून इंग्रज नांव घ्यावें लागत होतें, त्याच देशांत इंग्रज नांव हें थट्टेचें साधन झालें! नव्या सुनेचें नांव तांदुळांत लिहून बदलण्याची चाल ज्या समाजांत होती, त्याला सुनांच्या नांवांवर सत्तेचा हात कसा फिरतो हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. आज एमा हें नांव कोणाहि इंग्रजास परकें वाटत नाहीं. उलट एल्फगिफू असें नांव कोणी नोंदवावयास गेला, तर हें कोणत्या देशाचें, असेंच त्याला विचारतील.

धर्मसुधारणेच्या काळांत संतांचीं नांवें मागें पडून रेबेका, रेचल, डेबोरा अशीं बायबलांतील हिब्रू नांवें पुढें आलीं. मग नाटककार व कादंबरीकार यांनीं आपापल्या पदरची भर घातली. शेक्सपियरची जेसिका व्हेनिसची, त्याची मिरांडा लॅटिन शब्दावरून घडविलेली, आणि त्याची ऑलिव्हिया इलिरिया नामक दूरच्या किनाऱ्यावरची. यांपैकीं ऑलिव्हिया हें नांव २०१६ पासून २०२४ पर्यंत दर वर्षीं इंग्लंड व वेल्समधील नवजात मुलींत पहिल्या क्रमांकावर होतें. अमेलिया हेंहि त्या यादीच्या शेंड्याजवळचेंच. तें अठराव्या शतकांत हॅनोव्हरच्या जर्मन राजघराण्याबरोबर इंग्लंडांत रुळलें. कॅरोलिन, शार्लट, ऑगस्टा यांचीहि पालखी त्याच वाटेनें आली.

परक्या नांवाचा सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो मात्र एका राजकन्येच्या बाबतींत. १८१९ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस केंटचा ड्यूक एडवर्ड याला कन्या झाली. एका महिन्यानें, २४ जून रोजीं, केन्सिंग्टन राजवाड्यांत नामकरणविधि योजला होता. आईबापांनीं जॉर्जियाना, शार्लट, ऑगस्टा इत्यादि भारदस्त नांवें ठरवून ठेवलीं होतीं. परंतु मुलीचा चुलता, म्हणजे त्या वेळचा राजप्रतिनिधि व पुढें चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला राजपुत्र, याचें व भावाचें फारसें सूत नव्हतें. त्यानें हीं सारीं नांवें एकामागून एक उडवून लावलीं. रशियाचा झार अलेक्झांडर हा मुलीचा धर्मपिता, म्हणून त्याच्यावरून ‘अलेक्झांड्रिना’ हें एक नांव राहिलें. दुसरें काय, असा प्रश्न निघाला, तेव्हां चुलत्यानें आईचेंच नांव द्या म्हणून सांगितलें. आई जर्मन, तिचें नांव व्हिक्टोरिया. अशा रीतीनें ती मुलगी एका रशियन बादशहाचें व एका जर्मन आईचें नांव घेऊन देवघरांतून बाहेर आली. घरांत तिला ‘ड्रिना’ म्हणत.

पुढें ही मुलगीच गादीची वारस होणार असें स्पष्ट झालें, तेव्हां लोकांचे कान टवकारले. व्हिक्टोरिया! हें काय इंग्लंडच्या राणीचें नांव? १८३१ सालीं, ती बारा वर्षांची असतां, या प्रश्नाची पार्लमेंटांत चर्चा झाली. राजा चौथा विल्यम यालाहि तें नांव रुचत नव्हतें. इंग्रज कानाला शोभेल असें एलिझाबेथ किंवा शार्लट हें नांव तिला द्यावें, अशी सूचना पुढें आली. एलिझाबेथ हिब्रू आणि शार्लट हें मूळ फ्रेंच घाटाचें, इंग्लंडांत घरोघर पोंचलें तें तिसऱ्या जॉर्जच्या जर्मन राणीमुळें. तरीहि तीं दोन्ही ‘इंग्रज’ ठरलीं, ही गंमत त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली असेल असें वाटत नाहीं. नांव बदललें नाहीं. १८३७ सालीं अठरा वर्षांची राणी सिंहासनावर बसली, तेव्हां अलेक्झांड्रिना हें नांव तिनें आपण होऊन गाळलें आणि व्हिक्टोरिया तेवढें ठेविलें. त्यानंतर तें नांव सरोवरांना, धबधब्यांना व शहरांना पडलें, आणि आमच्या मुंबईंत एका आगगाडीच्या स्थानकाला व घोड्याच्या गाडीलाहि पडलें. मुंबईकर ‘व्हिक्टोरिया’ जोडून राणीच्या बागेंत मुलांना घेऊन जात, तेव्हां हें नांव एके काळीं इंग्रजांनाच परकें वाटलें होतें अशी शंका त्यांना कोठून येणार? तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. राणीच्या हयातींत सामान्य इंग्रज घरांतून आपल्या मुलींना हें नांव देण्याची फारशी चाल पडली नाहीं. तें खरें लोकप्रिय झालें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, म्हणजे नांवावरचें राजमुकुटाचें ओझें उतरल्यावर.

याच सुमारास दुसऱ्या एका घरीं दोन बहिणींचीं नांवें ठेवण्यांत आलीं, आणि ज्याला आपल्या मुलीसाठीं परकें नांव निवडावयाचें आहे त्यानें राजवाड्यापेक्षां या घराकडे पाहिलेलें बरें. नाइटिंगेल नांवाचें एक श्रीमंत दंपत्य लग्नानंतर युरोपचा दीर्घ प्रवास करीत होतें. १८१९ सालीं त्यांना नेपल्स येथें पहिली मुलगी झाली. जन्मगांवाची आठवण राहावी म्हणून त्या शहराचें प्राचीन ग्रीक नांव तिला दिलें: पार्थेनोपी. पुढच्या वर्षीं दुसरी मुलगी झाली ती फ्लॉरेन्स शहरांत, आणि तिचें नांव पडलें फ्लॉरेन्स. आईबाप तेच, हौस तीच, नांव ठेवण्याची युक्तीहि तीच. परंतु धाकटीचें नांव पुढें अनेक इंग्रज घरांत गेलें आणि थोरलीचें तिच्यापाशींच राहिलें.

धाकटीच्या कीर्तीमुळें हें घडलें असें कोणीहि म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत जखमी सैनिकांची शुश्रूषा करून ती परत आली, त्यानंतर फ्लॉरेन्स नांवाच्या मुलींची देशभर रीघ लागली. परंतु आमच्या मतें यश अर्धें नांवाच्या घडणींतच होतें. त्या शहराला तेथील लोक ‘फिरेंझे’ म्हणतात. नाइटिंगेल दंपत्यानें मुलीस फिरेंझे हें नांव दिलें नाहीं. इंग्रजी जिभेवर आधींच घोळून गुळगुळीत झालेलें फ्लॉरेन्स हें रूप घेतलें. उलट पार्थेनोपी हें नांव जसेंच्या तसें ग्रीक पुराणांतून उचललें. पार्थेनोपी ही एक समुद्रकन्या. तिचें प्रेत त्या किनाऱ्याला लागलें म्हणून गांवाला तिचें नांव, अशी कथा आहे. ही कथा जाणणारे विद्वान् किती, आणि पांच ठिकाणीं अडखळल्यावांचून हें नांव उच्चारणारी दाई किंवा शाळेंतील मैत्रीण किती! तिला फ्रान्सिस असें साधें पहिलें नांवहि होतें, पण घरच्यांना हौस दुसऱ्याची. शेवटीं तोंडीं राहिलें तें ‘पार्थी’. थोरली बहीण स्वतः बुद्धिमान् होती, तिनें कादंबऱ्या लिहिल्या. पण तिच्या नांवाला शेजारीणपाजारीण मिळाली नाहीं. धाकटीचें नांव मध्यंतरीं म्हातारें होऊन पडलें होतें, तें अलीकडच्या वर्षांत पुन्हां इंग्लंडांतील पहिल्या वीस नांवांत आलें आहे.

परक्या नांवाची दुसरी अडचण कागदावर दिसते. देवनागरींत जसें बोलावें तसें लिहावें, त्यामुळें मराठी मुलीला हा जाच सहसा ठाऊक नसतो. इंग्रजींत अक्षर एका वाटेनें जातें व उच्चार दुसऱ्या. आयर्लंडांतील कांहीं नांवें इंग्लंडांत येऊन रुळलीं आहेत. त्यांतलें एक कागदावर ‘सिओभान’ असें दिसतें आणि म्हणावयाचें शिवॉन; दुसरें ‘नियाम्ह’ असें दिसतें आणि म्हणावयाचें नीव. अशा नांवाच्या मुलीला शाळेचा पहिला दिवस, दवाखान्यांतील हजेरी, टेलिफोनवरचें प्रत्येक संभाषण, सर्वत्र एकच पाठ द्यावा लागतो. याचा थोडा अनुभव परदेशीं गेलेल्या आपल्या मुलींनाहि येतो. ज्ञानदा नांवाची मुलगी मराठी रीतीनें रोमन लिपींत आपलें नांव डी, एन, वाय या तीन अक्षरांनीं आरंभिते, आणि इंग्रज शिक्षिका तेथेंच थबकते. अर्थात् पुष्कळांनीं एखादें नांव उचललें कीं शुद्धलेखनाची अडचणहि विरून जाते. क्लोई हें ग्रीक नांव इंग्रजींत लिहिलेलें पाहून कोणाही अनभिज्ञाची फसगत व्हावी. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस तेंच नांव कित्येक वर्षें मुलींत अग्रस्थानीं होतें, आणि हजेरी घेणारे मास्तर त्याला सरावले. मात्र आपल्या मुलीच्या मागून पन्नास हजार मुली तेंच नांव घेऊन येतील, या भरंवशावर कोणी राहूं नये.

नव्या कथांतून नांव घेणाऱ्यांचें धाडस त्याहून मोठें. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणीवरील कथामाला २०११ सालीं सुरू झाली. तींतील एका कल्पित भाषेंत राणीला ‘खलीसी’ म्हणतात. शब्द गोड, नायिका शूर व दुःखितांची कैवारी. अनेक इंग्रज मुलींचीं नांवें खलीसी पडलीं. २०१९ सालीं कथा संपतां संपतां त्याच नायिकेनें शरण आलेलें नगर जाळून टाकलें. आपल्या आजीबाई मुलींना सीता, रुक्मिणी हीं नांवें देत, तेव्हां निदान पोथी शेवटपर्यंत वाचलेली असे! पण जुन्या पोथीचेंहि कांहीं खरें नाहीं. इजिप्तमधील आयसिस देवीचें नांव कांहीं इंग्रज मुली आनंदानें मिरवीत होत्या. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीलाहि आयसिस म्हणतात. २०१४ सालापासून एका दहशतवादी संघटनेचें नांव म्हणून तींच अक्षरें वर्तमानपत्रांत येऊं लागलीं. अलेक्सा नांवाच्या मुलींवर तर एका कंपनीच्या बोलत्या यंत्रानें गंडांतर आणिलें. ज्या त्या घरांत अलेक्सा, दिवा लाव, अलेक्सा, गाणें म्हण, असे हुकूम सुटूं लागले. शाळेंतील मुलें तेच हुकूम हाडामांसाच्या अलेक्साला सोडूं लागलीं आणि कांहीं आईबापांनीं मुलींचीं नांवें बदललीं. हें गंडांतर कोणालाहि आगाऊ दिसण्यासारखें नव्हतें, आणि तें अस्सल इंग्रजी नांवावरहि येऊं शकलें असतें.

आतां आपल्या बाजूचीं नांवें. व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची कन्या पामेला ही १९४७ सालीं आईबापांबरोबर दिल्लींत होती. तिला १९६७ सालीं झालेल्या मुलीचें नांव तिनें ‘इंडिया’ ठेविलें. अशा नांवामागें निदान एक वास्तव ऋणानुबंध असतो. नकाशावर बोट ठेवून काढलेल्या नांवांत तो नसतो. कांहीं नांवांचें इंग्रज घरांत स्वागत होतें, कारण तीं दोन्ही अंगणांत आधींच उभीं आहेत. तारा ही आपली आकाशांतली, आणि आयर्लंडांत तारा नांवाची प्राचीन राजांची टेकडी आहे. माया आपल्या वेदांतांतली, आणि ग्रीक पुराणांतील माइया तिच्या शेजारीं उभी. अनुष्काची गोष्ट आणखी मौजेची: रशियन लोक अन्ना या नांवाचें तें लाडिक रूप समजतात, आणि आपल्या पुण्यामुंबईकडील कित्येक घरांत तें संस्कृत म्हणून ठेविलें जातें. इंग्लंडांत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें हाच धागा दुसऱ्या टोंकाकडून धरतात. ळ, ज्ञ, ऋ यांना वगळून मीरा, माया, रिया अशीं नांवें तीं निवडतात, कीं आजीलाहि हांक मारतां यावी आणि शाळेंतल्या मास्तरणीलाहि.

परंतु या दोन निवडींत एक भेद आहे. इंग्रज आईबापांना परकें नांव हवें असतें तें दागिना म्हणून. टेलर आडनांवाच्या मुलीचें नांव माया असलें म्हणजे लोक म्हणतात, किती सुरेख! त्याच शाळेंतील माया देशपांडे हिचें नांव तितकेंच सुरेख असूनहि अर्ज घेऊन नोकरीच्या दारीं गेली म्हणजे अनुभव निराळा येतो. ब्रिटनच्या रोजगार व निवृत्तिवेतन खात्यासाठीं केलेली एक पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सारख्याच योग्यतेचे अर्ज निरनिराळ्या नांवांनीं धाडण्यांत आले होते. गोऱ्या ब्रिटिश वळणाच्या नांवास सरासरीनें ९ अर्जांमागें एक अनुकूल उत्तर मिळालें. अल्पसंख्य समाजाचें वाटणाऱ्या नांवास त्यासाठीं १६ अर्ज करावे लागले. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजांतील संशोधकांनीं २०१९ सालीं जाहीर केलेल्या निष्कर्षांतहि असेंच दिसलें, कीं अल्पसंख्यांना सुमारें ६० टक्के अधिक अर्ज पाठवावे लागतात. म्हणजे एकीच्या गळ्यांतला जो अलंकार, तोच दुसरीच्या पायांतली बेडी. यांत इंग्रज बालिकेचा कांहीं अपराध नाहीं, आणि तिच्या आईनें माया हें नांव ठेवूं नये असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या भाषेंतून नांव घ्यावयाचें, त्या भाषेच्या एखाद्या गृहिणीला घरीं बोलावून तिच्या तोंडून तें नीट ऐकावें, त्याचा अर्थ व लौकिक विचारून घ्यावा, आणि मुलगी मोठी झाल्यावर नांव कोठून आलें असें कोणी विचारलें तर तिला सांगण्यासारखें कांहींतरी हातीं असावें, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे. नुसत्या पुस्तकावरून नांव घेण्यांत एक लहानसा धोकाहि आहेच. इंग्रजांची गोड पॉली आमच्या स्वयंपाकघरांत आली कीं पोळी होते!

व्यवहारी इंग्रज आईबाप यावर एक तोड काढतात. त्यांच्यांत दोन किंवा तीन नांवें एकापुढें एक ठेवण्याची रीत आहेच. हौसेचें नांव तें दुसऱ्या स्थानीं ठेवतात आणि पहिल्या स्थानीं एखादें साधें. पार्थेनोपीच्या घरीं हा बेत फसला खरा, परंतु बहुधा तो साधतो. मुलगी मोठी होऊन दोहोंपैकीं रुचेल तें पुढें करते. नांव पक्कें करण्यापूर्वीं तें परसदारांतून मोठ्यानें हांक मारून पाहावें, रागावून मारून पाहावें, आणि टेलिफोनवर अपरिचित माणसाला एकदांच सांगून त्यानें काय लिहून घेतलें तें विचारावें. हौशी नांवें या तिसऱ्या कसोटीशीं सहसा गळतात.

इतकेंहि करून मन साशंक राहिल्यास कायद्यानें एक पळवाट ठेविली आहे. नोंदणी झाल्यापासून बारा महिन्यांच्या आंत मुलाचें पुढचें नांव नोंदवहींत एकदां बदलून घेतां येतें. या सोयीचा फायदा ज्याला घ्यावयाचा असेल त्यानें फार दिवस लावूं नयेत. सहा महिन्यांचें मूल आपल्या नांवाच्या हांकेला मान वळवूं लागलेलें असतें.